विल्नियस आणि काउनास: तासाभराच्या अंतरावरच्या दोन राजधान्या

लिथुआनियाला जाणारे बहुतेक जण विल्नियसचं जुनं शहर पाहतात, जमलं तर त्राकाईचा तळ्यातला किल्ला करतात आणि परततात. वॉर्सातल्या माझ्या ओळखीच्या मंडळींनीही हाच बेत सुचवला होता. पण जाण्याआधी थोडं वाचलं तेव्हा कळलं की दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस लिथुआनियाकडे नव्हतंच. 1920 मध्ये ते पोलिश फौजांनी घेतलं आणि देशाचा कारभार शंभर किलोमीटरवरच्या काउनासातून चालला. काउनासला 'तात्पुरती राजधानी' म्हणत. हे तात्पुरतेपण जवळजवळ वीस वर्षं टिकलं. एका शहराने जे गमावलं त्यातून दुसरं उभं राहिलं, तेव्हा पाहायची तर दोन्ही पाहायची, असं ठरवून टाकलं.

आई कोल्हापूरहून उन्हाळ्याचे दोन महिने वॉर्साला माझ्याकडे आली होती. तिला चालायला आवडतं, हॉटेलात पैसे घालवायला अजिबात आवडत नाही, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. बेत आखताना या तिन्ही गोष्टी धरल्या होत्या.

खर्चाचं मोठं गणित प्रवासाच्या दिशेत आहे. वॉर्साहून विल्नियसला जाणाऱ्या बऱ्याच बसगाड्या काउनासवरूनच जातात. त्यामुळे जाताना थेट विल्नियस गाठायचं, मध्ये रेल्वेने काउनासला यायचं आणि परतीची बस तिथूनच धरायची. म्हणजे एकच रस्ता उगाच दोनदा होत नाही. दोन्ही वेळा रात्रीची बस घेतली की दोन रात्रींचं राहण्याचं भाडंही वाचतं. आम्ही जूनचा शेवटचा शनिवार-रविवार निवडला आणि शुक्रवारची सुट्टी टाकली. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हातात जवळजवळ दुप्पट दिवस मिळतो. शेवटच्या रविवारचं कारण पुढे येईलच.

शुक्रवार, विल्नियस

बस पहाटे पोहोचली. लिथुआनियाचं घड्याळ पोलंडच्या एक तास पुढे आहे, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ पाहताना हे ध्यानात ठेवा. बसस्थानक आणि रेल्वेस्थानक समोरासमोर आहेत. सामान लॉकरमध्ये टाकलं, तोंड धुतलं आणि चालत निघालो. जुन्या शहराची वेस दहा मिनिटांवर आहे.

या वेशीला 'पहाटेचा दरवाजा' म्हणतात, लिथुआनियन भाषेत आउश्रोस वार्ताय. जुन्या तटबंदीतला आज उभा असलेला हा एकमेव दरवाजा. त्याच्या वरच्या मजल्यावर मारियामातेचं देवघर आहे. सतराव्या शतकातलं हे चित्र चेहरा आणि हात सोडून सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीने मढवलेलं आहे, आणि ते थेट रस्त्यावरून दिसतं. कामावर निघालेली माणसं खाली क्षणभर थांबून क्रूसाची खूण करून पुढे जात होती. आम्ही बाजूच्या अरुंद जिन्याने वर गेलो. एक आजीबाई तो जिना गुडघ्यांवर चढत होत्या. वर भिंतीभर चांदीचे छोटे छोटे पत्रे ठोकलेले, कुठे हृदय, कुठे पाय, कुठे हात. आई लगेच म्हणाली, "अगं, हे तर नवस फेडलेले दिसतात." तसंच आहे. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसेच हे बरं झालेल्या माणसांनी वाहिलेले. आई तिथे हात जोडून बराच वेळ बसली. तिला काही समजावून सांगायची वेळच आली नाही.

तिथून खाली उतरत जाणारा रस्ता हाच जुन्या शहराचा कणा. साधारण 360 हेक्टरांवर पसरलेलं हे शहर 1994 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्यासाठी तिकीट नाही, आणि गाइडची फारशी गरजही नाही. मुख्य रस्ता सोडून कमानीतून आत शिरलात की एकातून दुसरं अशी अंगणं लागतात. कुठे दोरीवर कपडे, कुठे लाकडाची मोळी, कुठे एखादं सफरचंदाचं झाड. 1579 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या अंगणांना मात्र लहानसं तिकीट आहे. ते आम्ही काढलं नाही, कारण बाहेर बघायलाच इतकं होतं.

सेंट ॲना चर्चसमोर मात्र थांबायलाच हवं. सगळं लाल विटेचं, 1500 च्या आसपासचं. तेहतीस प्रकारच्या विटा वापरून त्याच्या दर्शनी भागाची नक्षी केली आहे. 1812 मध्ये नेपोलियनने हे पाहून, तळहातावर घेऊन पॅरिसला न्यावंसं वाटतं, असं म्हटल्याची आख्यायिका सगळीकडे ऐकू येते. खरं-खोटं काही असो, पण चर्च खरोखर तेवढं नाजूक वाटतं. सकाळी ऊन पडलं की विटांचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो.

चर्चमागे विल्नेले नदी. पूल ओलांडला की उझुपिस. एकेकाळी पडकी, दुर्लक्षित असलेली ही वस्ती कलावंतांनी वसवली आणि 1 एप्रिल 1997 ला तिला 'प्रजासत्ताक' जाहीर केलं. त्यांची राज्यघटना एका गल्लीच्या भिंतीवर चकचकीत पत्र्यांवर कितीतरी भाषांमध्ये लावली आहे. त्यातलं पहिलंच कलम असं: प्रत्येकाला विल्नेले नदीकाठी राहण्याचा हक्क आहे, आणि विल्नेले नदीला प्रत्येकाच्या जवळून वाहण्याचा. दुसऱ्या कलमात गरम पाणी, हिवाळ्यात ऊब आणि कौलारू छप्पर यांचा हक्क दिला आहे. लोक इथे हसत फोटो काढतात. मला मात्र ते दुसरं कलम मनापासून आवडलं. सोव्हिएत काळात आणि त्यानंतरच्या टंचाईत जे हिवाळे या शहराने काढले, त्यात गरम पाणी ही किती मोठी गोष्ट होती ते त्या ओळीत कळतं.

जेवणाचं एक सांगते. सोमवार ते शुक्रवार दुपारी बऱ्याच हॉटेलांत 'दिएनोस पिएतूस' म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण मिळतं. सूप आणि एक मुख्य पदार्थ आठ-नऊ युरोत होतो, शनिवार-रविवारी तेच वेगवेगळं मागवलं तर दुप्पट पडतं. शुक्रवारची सुट्टी घेतल्याचा हाही एक फायदा. शाकाहाऱ्यांनी 'बे मेसोस', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. आम्ही शाल्टिबार्शचाय मागवलं. बीट, काकडी, शेपू आणि ताकासारखं आंबट केफिर यांचं हे थंडगार, भडक गुलाबी सूप. अंड्याशिवाय मिळेल का ते विचारा. सोबत वेगळ्या बशीत गरम उकडलेले बटाटे येतात. आईने पहिला घास साशंक चेहऱ्याने घेतला आणि मग बटाटे संपल्यावरही ती वाटी निपटत होती. शेपू तिची लाडकी.

दुपार आम्ही गेदिमिनास मार्गावरच्या संग्रहालयासाठी राखली होती. झारच्या काळात ही इमारत न्यायालय म्हणून बांधली. पुढे नाझींच्या ताब्यात त्यांच्या गेस्टापो या गुप्त पोलिसांनी आणि सोव्हिएत राजवटीत केजीबी या गुप्तचर खात्याने ती वापरली. आज इथे ताबे आणि स्वातंत्र्यलढे यांचं संग्रहालय आहे. बाहेरच्या दगडांवर मारल्या गेलेल्या लढवय्यांची नावं आणि सालं कोरली आहेत. आत तळघरात कोठड्या जशाच्या तशा आहेत, आणि देहदंडाची खोलीही. या इमारतीत हजाराहून अधिक माणसांना मारलं गेलं. तिकीट थोडक्या युरोंचं आहे, आणि सगळ्या सहलीत एकाच ठिकाणी पैसे खर्चायचे असतील तर इथे खर्चा, असंच मी सांगेन.

वरच्या मजल्यावर सायबेरियात हद्दपार केलेल्या माणसांची दालनं आहेत. 14 जून 1941 ला पहाटे सोव्हिएत सत्तेने घराघरांतून कुटुंबं उचलून मालगाड्यांत भरली. लहान मुलांनी लिहिलेली पत्रं, बर्चच्या सालीवरची चिठ्ठी, हातांनी शिवलेला बूट. आई एका फोटोपुढे थांबली आणि म्हणाली, "वळिवड्याची माणसं अशीच आली होती ना?" कोल्हापूरकरांना हे माहीत असतं. पूर्व पोलंडातून अशाच गाड्यांतून नेलेली माणसं सुटल्यावर इराणमार्गे भारतात आली, आणि त्यातले सुमारे पाच हजार जण 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. विल्नियसचा मुलूखही तेव्हा पोलंडातच होता. माझी आजी लहानपणी त्या 'पोलंडच्या बायकां'ना बाजारात भाजी घेताना बघायची, असं आई सांगते. त्या बायका नेमक्या कुठून निघाल्या होत्या आणि का, हे तिला इथे पहिल्यांदा दिसलं. बाहेर आल्यावर समोरच्या बागेत आम्ही कितीतरी वेळ काही न बोलता बसलो.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या चौकात गेलो. 23 ऑगस्ट 1989 ला एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियातल्या जवळपास वीस लाख लोकांनी सोव्हिएत सत्तेविरुद्ध हातात हात धरून तालिनपासून रिगामार्गे विल्नियसपर्यंत साखळी केली होती, सहाशे किलोमीटरहून लांब. तिचं इथलं टोक दाखवणारी फरशी चौकात आहे. तिच्यावर उभं राहून गिरकी घेत इच्छा मागतात. शाळकरी मुलांची रांग लागलेली, त्यात आईही उभी राहिली.

मागच्या टेकडीवर गेदिमिनासचा बुरूज. वर जायला छोटी रेल्वेही आहे, पण पायवाट फुकट आणि दहा मिनिटांची. बुरुजावरचं संग्रहालय तिकिटाचं आहे, टेकडी सगळ्यांची. साडेआठला आकाशात रंगीत फुगे दिसू लागले. हवा चांगली असेल तर विल्नियसच्या जुन्या शहरावरून माणसं नेणारे गरम हवेचे फुगे उडतात. राजधानीवर त्यांना परवानगी देणारी शहरं फार थोडी. त्यात बसायला चांगलेच पैसे लागतात. खालून बघायला काहीच लागत नाही.

राहायला स्थानकाजवळचं साधं गेस्टहाउस घेतलं होतं. दोघींच्या खोलीचे 45 युरो, न्हाणीघर सामायिक, स्वच्छ. हॉस्टेलच्या मोठ्या खोलीत खाट घेतली तर माणशी वीस युरोच्या आत भागतं.

शनिवार, विल्नियस आणि संध्याकाळची गाडी

सकाळचा चहा-नाश्ता हालेस बाजारात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची लोखंडी सांगाड्याची ही मंडई गेस्टहाउसपासून पाच मिनिटांवर होती. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, ताजे मटार, घरचं पनीर, राई या गव्हासारख्या धान्याचा काळा पाव, मध. आम्ही पाव, पनीर आणि स्ट्रॉबेरी घेऊन दुपारचीही सोय करून टाकली. दुकानांत चॉकलेटचं आवरण असलेल्या गोड पनीरच्या छोट्या वड्या मिळतात, त्या जरूर घ्या. अगदी स्वस्त असतात, आणि आईने त्या पुढे रोज शोधल्या.

मग जुन्या ज्यू वस्तीतून चालत गेलो. युद्धाआधी विल्नियसला 'लिथुआनियाचं जेरुसलेम' म्हणत. ज्ञानासाठी दूरदूरचे विद्यार्थी इथे येत. 1941 मध्ये जर्मनांनी या गल्ल्यांचे दोन घेट्टो केले, 1943 पर्यंत ते संपवले, आणि हजारो माणसांना शहराबाहेर पानेरियाच्या जंगलात नेऊन मारलं. महान सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं मोठं प्रार्थनामंदिर, आता उभं नाही. रस्त्यांची नावं उरली आहेत, भिंतींवर थोड्या पाट्या आहेत. हा भाग घाईने ओलांडू नका. सुंदर कॅफेंच्या मधून जाताना इथे काय होतं ते सहज नजरेतून सुटतं.

संत पीटर आणि पॉल चर्च थोडं लांब आहे. नदीकाठाने चालत जाता येतं, किंवा एक-सव्वा युरोच्या बसने. बाहेरून साधं. आत शिरताच पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या मूर्तींनी भरलेलं छत. दोन हजारांहून अधिक आकृती आहेत: देवदूत, योद्धे, फुलं, राक्षस, मृत्यू. प्रवेशाला तिकीट नाही. खुर्चीत बसून वर पाहत राहायचं, एवढंच काम.

परतताना तीन क्रूसांची टेकडी चढलो. 1916 मध्ये उभारलेले हे क्रूस 1950 मध्ये सोव्हिएत सत्तेने पाडले, 1989 मध्ये लोकांनी पुन्हा उभे केले. जुन्या क्रूसांचे फुटके तुकडे अजून खाली उतारावर पडलेले आहेत. बहुतेक लोक वरूनच फोटो काढून जातात. तुम्ही थोडं खाली उतरून ते तुकडे पाहा. शहराचं सगळ्यात चांगलं दर्शनही याच टेकडीवरून होतं, बुरुजावरून नव्हे. राई पाव आणि पनीर आम्ही तिथेच संपवलं.

संध्याकाळच्या गाडीने काउनास. तिकीट सात-आठ युरोंच्या आसपास, वेळ तासाभराहून किंचित जास्त, गाड्या दिवसभर भरपूर. आमची दुमजली होती आणि आईने वरची जागा धरली. बाहेर पाइनचं रान, मध्येच बटाट्याची शेतं, करकोच्यांची घरटी.

या सरळ, शांत मार्गाचं महत्त्व मला सांगायलाच हवं. दोन युद्धांच्या मधे विल्नियस आणि काउनास यांच्यात अशी गाडीच नव्हती. पोलंड आणि लिथुआनियाचे राजनैतिक संबंध तुटलेले, सीमा बंद, रूळ तोडलेले. 1938 पर्यंत हेच. काउनासची मुलं शाळेत 'विल्नियसशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही' म्हणत मोठी झाली, पण शंभर किलोमीटरवरचं ते शहर त्यांना बघता येत नव्हतं. घटनेत राजधानी म्हणून विल्नियसचंच नाव होतं. आज त्याच मार्गावर शेजारचा कॉलेजचा मुलगा कानात गाणी लावून झोपला होता. काउनास येण्याआधी गाडी एका लांब बोगद्यातून जाते. एकोणिसाव्या शतकातला, सव्वा किलोमीटरचा. अंधार झाला आणि बाहेर पडलो तो स्टेशनच.

रविवार, काउनास

काउनासची सुरुवात लाइस्वेस अलेया, म्हणजे स्वातंत्र्य मार्गावरून करा. 1.6 किलोमीटरचा हा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, मधोमध लिंडनच्या झाडांच्या रांगा. जूनच्या शेवटी लिंडन फुलतो आणि अख्खा रस्ता मधासारखा दरवळतो. इथलं सोव्हिएत काळापासूनचं स्पुर्गिने नावाचं दुकान गरम तळलेले गोड गोळे विकतं. दोन स्पुर्गा आणि कॉफी यात दोघींचा नाश्ता झाला. काही प्रकारांत मांस भरलेलं असतं, तेवढं विचारून घ्या.

या रस्त्यावरच काउनास समजतं. तात्पुरती राजधानी झाल्यावर या गावात मंत्रालयं, बँका, पोस्ट, सिनेमागृहं, राहती घरं सगळं भराभर उभं करावं लागलं. नव्या देशाने नवी वास्तुशैली निवडली: गोलाकार कोपरे, लांबट खिडक्या, साध्या भिंती, आणि त्यात मध्येच लिथुआनियन लोककलेची नक्षी. मध्यवर्ती टपाल कार्यालय पाहा, आणि दूध संघाची 'पिएनोत्सेंत्रास' इमारत. तिचे वास्तुविशारद व्हितौतास लांड्सबर्गिस-झेमकाल्निस. 1990 च्या मार्चमध्ये स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या संसदेचे अध्यक्ष व्हितौतास लांड्सबर्गिस हे त्यांचेच चिरंजीव. हा सगळा वारसा 2023 मध्ये युनेस्कोने यादीत घेतला. त्या नोंदीच्या नावात 'आशावादाची वास्तुकला' असे शब्द आहेत आणि ते इथे शोभतात. आपली हक्काची राजधानी हातात नसताना लोकांनी हिरमुसून तंबू ठोकले नाहीत, अख्खं शहर बांधलं. काही इमारतींचे रंग उडालेत, प्लास्टर सुटलंय. त्यामुळे हे शहर मला विल्नियसपेक्षा जास्त खरं वाटलं.

नाट्यगृहाच्या बागेशी जमिनीत एक साधं स्मारक आहे. 14 मे 1972 ला एकोणीस वर्षांच्या रोमास कालांता या मुलाने सोव्हिएत सत्तेचा निषेध म्हणून इथे स्वतःला पेटवून घेतलं, आणि नंतर शहरात तरुणांची मोठी निदर्शनं झाली. कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

जवळच डोक्यावर अधांतरी तरंगणारं प्रकाशाचं एक वर्तुळ दिसतं, पासपोर्टांचं. ते डच वाणिज्यदूत यान झ्वार्तेनडाइक यांचं स्मारक. 1940 च्या उन्हाळ्यात युद्धातून पळून आलेल्या ज्यूंना त्यांनी क्युरासाव या कॅरिबियन समुद्रातल्या डच बेटाच्या नावाने कागद दिले, आणि त्या आधारावर जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी सरकारची परवानगी नसताना जपानमार्गे जाण्याचे दोन हजारांहून अधिक व्हिसा हाताने लिहिले. वाइझगांतो रस्त्यावरचं सुगिहारांचं घर आता संग्रहालय आहे. चढावरची शांत वस्ती, लाकडी कुंपणं, सफरचंदाची झाडं. आत त्यांचं लिहिण्याचं टेबल. गाडी सुटेपर्यंत ते स्टेशनवर सह्या करत होते असं सांगतात. आई टेबलापाशी म्हणाली, "एवढ्याशा खोलीत बसून केवढं काम केलं या माणसाने." याचं तिकीट मात्र घ्यावं लागतं, आणि ते जरूर घ्या.

तिथून ख्रिस्त पुनरुत्थान चर्च चालत गाठता येतं. शहरातून थेट यायचं तर झालियाकाल्निसची पायऱ्यांची वाट आहे, शेजारी 1931 ची फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे. चर्चचं बांधकाम 1934 मध्ये सुरू झालं आणि युद्धाने अडलं. सोव्हिएत काळात त्या कोऱ्या कवचात रेडिओचा कारखाना घातला होता. 2004 मध्ये ते चर्च म्हणून पवित्र झालं. छतावर जायला थोडे पैसे पडतात. वरून दोन नद्या आणि त्यांच्या मधलं सगळं शहर दिसतं.

आता शेवटच्या रविवारचं. लिथुआनियातली राष्ट्रीय संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोफत असतात. काउनासात त्यामुळे चित्रकार आणि संगीतकार मिकालोयुस चुर्ल्योनिस (1875-1911) यांच्या नावाचं कला संग्रहालय आणि त्याच्याच समोरचं सैतानांचं संग्रहालय अशी दोन्ही पाहून झाली. चुर्ल्योनिसची चित्रं अतिशय हळुवार आहेत, निळसर, धुक्यातली. सैतानांच्या दालनांत जगभरातले सुमारे तीन हजार सैतान आहेत, लाकडी, मातीचे, मुखवटे. हिटलर आणि स्टालिन यांना सैतान करून हाडांवर नाचवणारी मूर्ती एकदा पाहिली की विसरत नाही. या देशाचं विसावं शतक त्या एका मूर्तीत आहे.

दुपारनंतर जुनं गाव. 'पांढरा हंस' म्हणतात तो नगरभवनाचा उंच मनोरा, मध्ययुगीन किल्ल्याचा उरलेला बुरूज, आणि त्यापुढे सांताका, जिथे नेरिस नेमुनासला मिळते. विल्नियसहून येणारी तीच नेरिस. गवतावर कुटुंबं बसली होती, आम्हीही बसलो. जवळच्या पुलाची गोष्ट एका शेजारी बसलेल्या काकांनी मोडक्या इंग्रजीत सांगितली: एकोणिसाव्या शतकात नदीच्या एका काठावर ज्युलियन आणि दुसऱ्या काठावर ग्रेगोरियन पंचांग चालायचं, त्यामुळे पूल ओलांडायला बारा दिवस लागायचे.

रात्रीचं जेवण म्हणून केप्ता दुओना घेतली: तळलेला राई पाव, लसूण, वर वितळलेलं चीज. बटाट्याच्या मोठ्या लंबगोल त्सेपेलिनायमध्ये पनीर भरलेले मिळतात, पण वर डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, तेव्हा सॉस वेगळा मागा.

दोघींचा मिळून सगळा खर्च, वॉर्साहून येण्याजाण्यासकट, तीनशे युरोंच्या आत बसला. सर्वात जास्त बसची तिकिटं आणि दोन रात्रींच्या खोल्या. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी काउनासजवळचा नववा किल्ला पाहावा. तिथे नाझींनी हजारो माणसांना मारलं, आणि तिथलं प्रचंड काँक्रीट स्मारक आम्हाला वेळेअभावी सोडावं लागलं. त्राकाई पुढच्या वेळी. बसस्थानक रेल्वेस्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात रविवार रात्रीच्या गाड्या भरतात, तिकीट निदान दोन आठवडे आधी काढा आणि शक्यतो डावीकडच्या खिडकीची जागा मागा, म्हणजे शहर सोडताना नेमुनास दिसते.